हळदीच्या दिवसांतलं इंग्रजी

फेब्रुवारी सरत आला की आमच्या शिवारात जिकडंतिकडं पांढऱ्या वाफेचे लोट उठायला लागतात. हळद शिजवायचे कुकर रानारानात लागलेले असतात. कोरेगावकडून गावात येताना लांबूनच कळतं, आज कुणाची हळद शिजतेय. त्या वाफेला ओल्या मातीचा, थोडा कडवट वास असतो. तो कपड्यांत, केसांत, उशीच्या अभ्र्यात मुरतो आणि पाडव्यापर्यंत काही हलत नाही. बोर्डाच्या परीक्षाही याच दिवसांत येतात. पॅड काखेत धरून पोरं एसटीची वाट बघत थांब्यावर उभी असतात. हाताला हळदीचा पिवळा रंग आणि त्याच हातात पेन.

परवा थांब्यावर शेजारची एक पोरगी इंग्रजीच्या पेपरला निघाली होती. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मला बघून थांबली आणि म्हणाली, "काकी, ह्या इंग्रजीचा उपेग काय वं? आमाला कुठं परदेशात जायाचंय?"

मी काही बोलणार तेवढ्यात एसटी आली. ती चढली, गेली. बरंच झालं, कारण माझं उत्तर एसटीच्या थांब्यावर मावणारं नव्हतं.

मी स्वतः मराठी शाळेत शिकले, सांगलीत. माझी आणि इंग्रजीची ओळख मार्च महिन्यापुरती असायची. वर्षभर आम्ही एकमेकींना टाळायचो आणि परीक्षा आली की नाइलाजानं समोरासमोर बसायचो. वाक्याचा प्रयोग बदला, गाळलेल्या जागा भरा, एवढं जमायचं. पण समोरच्या माणसाला 'दुखतंय का' असं इंग्रजीत कसं विचारायचं, हे मला बारावी झाल्यावरही आलं नसतं. तसं कुणी विचारायला सांगितलंही नव्हतं. लग्न होऊन सातारा जिल्ह्यातल्या या गावात आले तेव्हा मला वाटलं, चला, सुटले. आता भाकरी, जनावरं, आलं, हळद. इथं इंग्रजी कोण बोलणार?

बोलणारा माणूस घरातच होता, पण ते मला फार वर्षांनी कळलं.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा फौजेत बिनतारी संदेश पाठवायच्या कामावर होते. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी कानाला यंत्र लावून काढली, कधी बर्फात, कधी वाळवंटात. ते काम सगळं इंग्रजीत चालायचं. सुट्टीला गावी आले की मात्र ते इंग्रजीचा एक शब्दही बोलायचे नाहीत. निवृत्त होऊन आल्यावर तर धोतर-पटका चढवला तो उतरवलाच नाही. औषधाच्या पाकिटावरचं कुणी वाचायला आणलं तर वाचून दाखवायचे, तेवढंच. गावात त्यांना फौजी म्हणायचे, पण ते ओळखू यायचे चालण्यावरून, बोलण्यावरून नाही.

त्या वर्षीची हळद चांगली आली होती. शिजवलेली हळकुंडं अंगणातल्या ताडपत्रीवर वाळत घातली होती आणि मामा सकाळच्या उन्हात ती पायानं परतत फिरत होते. मी गोठ्यातून येत होते. बघते तर मामा हळदीतच खाली बसलेले. पाय घसरला असेल असं वाटलं. जवळ गेले तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबत होता. मी हाक मारली, तर त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण आतून नुसता घोगरा आवाज आला. माझे यजमान विकास रानात होते. ते धावत आले. आम्ही मामांना गाडीत घालून साताऱ्याला नेलं. त्यांचे कपडे सगळे पिवळे झाले होते. दवाखान्यातल्या पांढऱ्या चादरीला लागलेला तो रंग माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायूचा झटका आहे, मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलाय, त्यामुळं उजवा हात आणि बोलणं गेलंय, हळूहळू किती परत येतंय बघू. आत्या पलंगाशेजारी बसून एकसारखं विचारायच्या, "आवं, वळखलं का मला?" मामा त्यांच्याकडं बघायचे, डोळ्यांत ओळख दिसायची, ओठ हलायचे आणि पुढं काही नाही. थोड्या वेळानं ते मान भिंतीकडं वळवायचे. त्यांना स्वतःचीच लाज वाटत असावी.

घरी आणल्यावर काही दिवसांनी मी त्यांना पेज भरवत होते. मामा एकदम म्हणाले, "वॉटर."

मी चमचा खाली ठेवला.

"वॉटर, प्लीज," मामा परत म्हणाले. अगदी स्वच्छ.

मी ओरडतच आत्यांना बोलावलं. विकास आले. मामा आमच्या तिघांकडं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आमच्याहून जास्त आश्चर्य होतं. विकासनी वडलांना विचारलं, "दादा, पानी पायजे?" मामांनी मान हलवली. "पानी म्हना," विकास म्हणाले. मामांनी ओठ जुळवले, कपाळावरची शीर फुगली, पण शब्द आला नाही. आणि मग रडवेल्या आवाजात ते म्हणाले, "आय कान्ट."

त्यानंतर इंग्रजी येतच राहिली. दिवसाला दोन शब्द, चार शब्द, मग छोटी छोटी वाक्यं. दिवा बंद कर, उशी वर घे, कोण आलंय, हे सगळं इंग्रजीत. मराठी मात्र एक अक्षर नाही. आम्ही सावकाश बोललो तर त्यांना मराठी कळायची, पण उत्तर यायचं ते इंग्रजीतच. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. माझे चुलत दीर बाजीराव भेटायला आले, तर मामा म्हणाले, "सिट डाऊन. हाऊ आर यू?" बाजीरावांना हसू आवरेना. बाहेर जाऊन त्यांनी पारावर सांगितलं, फौजी सायब झाला, विंग्रजी झाडतोय. कुणी म्हणालं भूल पडलीय, कुणी म्हणालं सोंग हाय. आत्यांनी मग येणाऱ्या-जाणाऱ्यांना दारातूनच परतवायला सुरुवात केली. "झोपल्यात," म्हणायच्या, आणि आतून मामांचा आवाज यायचा, "हू इज देअर?"

माझ्या भावानं सांगलीतल्या एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंचं नाव सुचवलं. तस्नीम, मिरजेची, माझ्याच वयाची. कोरेगावला रेल्वेत बसलं की थेट सांगली, म्हणून आम्ही दर आठवड्याला मामांना तिकडं नेऊ लागलो. पहिल्याच दिवशी तस्नीम मामांशी इंग्रजीत बोलली आणि मामांचा चेहरा असा काही खुलला, जणू परक्या मुलखात गाववाला भेटावा. ती तिथंच आम्हाला म्हणाली, "असं होतं कधीकधी. सगळ्यांचंच होतं असं नाही. कुणाची आईची भाषा आधी येते, कुणाची मागून शिकलेली. का, ते नक्की सांगता येत नाही. पण ह्यांनी ही दुसरी भाषा शिकली नसती, तर आज तुमच्या घरात पूर्ण शांतता असती."

आत्या पुढं सरकून बसल्या. त्या म्हणाल्या, "बाई, एक इचारू? तेंच्या नोकरीची वर्सं ध्यानात ऱ्हायली आन घरातली समदी पुसली, आसं हाय का ह्ये?"

तेव्हा मला कळलं, आत्या एवढे दिवस कशानं कुढत होत्या. त्यांचं लग्न झालं आणि नवरा फौजेत निघून गेला. वर्षाकाठी एकदा यायचा. पोरं त्यांनी एकटीनं वाढवली. तो कायमचा घरी आला तेव्हा कुठं त्यांचा संसार सुरू झाला होता. आणि आता परत तो त्याच लांबच्या भाषेत जाऊन बसला होता, जिथं आत्यांना कधीच जाता आलं नव्हतं.

"पुसलं काही नाही, आजी," तस्नीम म्हणाली. "आत आहे सगळं. वाट अडलीय. जी वाट मोकळी आहे तिथून तुम्ही जा त्यांच्याकडं. ते इंग्रजीत बोलतायत तर तुम्हीपण दोन शब्द इंग्रजीत बोला. मग त्याच्या शेजारी मराठी शब्द ठेवत चला."

"मी?" आत्या म्हणाल्या. "मी न्हाई बोलायची. माज्या जल्मात न्हाई."

गाडीत परत येताना त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या. किर्लोस्करवाडी गेली, कराड गेलं.

मग तो थंड पेयाचा प्रकार झाला. मी नि विकास हळद भरायला रानात गेलो होतो, घरी मामा आणि आत्या दोघंच. दुपार कलल्यावर आभाळ आलं, वारा सुटला. मामा म्हणाले, "कोल्ड." आत्यांना हा शब्द येत होता. दुकानाच्या पाटीवर 'कोल्ड्रिंक' असतं, लग्नात पंगतीनंतर वाटतात. त्यांना केवढा आनंद झाला. म्हाताऱ्यानं काहीतरी मागितलं आणि ते आपल्याला कळलं! चप्पल घालून त्या दुकानात गेल्या आणि बर्फासारखी गार बाटली घेऊन आल्या. मामा कुडकुडत होते. आत्यांनी ग्लास भरून त्यांच्या तोंडाला लावला. मामा डाव्या हातानं ग्लास ढकलत म्हणाले, "नो, कोल्ड! कोल्ड!" आत्या म्हणाल्या, "व्हय व्हय, कोल्डच हाय की, प्या."

मी घरी आले तेव्हा मामांच्या अंगावर दोन घोंगडी होती. ग्लास सांडलेला होता आणि आत्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. काय झालं ते त्यांनी सांगितलं. मला हसू आलं आणि त्यांनाही आलं, पण हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"तेस्नी थंडी वाजत हुती गं," त्या म्हणाल्या, "आन मी गार पाजत हुते." थोड्या वेळानं नाक पुसून म्हणाल्या, "मला शिकव."

असे आमचे वर्ग सुरू झाले. अंगणात मागून शिजवलेली हळद वाळत होती, आम्ही दोघी कडेला बसून खडे-माती वेचायचो आणि बोलायचो. ए-बी-सी-डीत आत्यांना रस नव्हता. "मला कागदावरचं नगं. मला तोंडातलं दे," त्या म्हणाल्या. काय काय शिकायचं ते त्यांनीच ठरवलं. दुखतंय का. भूक लागली का. गार वाजतंय का. कुठं. किती. मी आलेच. मला यातलं निम्मं येत नव्हतं. मी भावाला फोन करायची, तस्नीमला विचारायची, मोबाइलमध्ये बघायची. एवढ्या वर्षांनी मी पहिल्यांदाच इंग्रजी शिकत होते, असं म्हटलं तरी चालेल, कारण पहिल्यांदाच समोर उत्तराची वाट बघणारं माणूस होतं.

एकदा आत्या थबकल्या. "यू म्हंजी तू का तुमी?"

"दोन्ही."

"आसं कसं? नवऱ्याला आन रानातल्या गड्याला एकच?"

"मोठ्या साहेबालापण तेच, आत्या."

त्यांनी हातातलं हळकुंड उलटसुलट करून बघितलं. मग घरात जाऊन दारातूनच मामांना म्हणाल्या, "यू. हंग्री?" आणि परत येऊन बसल्या तेव्हा गालात हसत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला अरेतुरे केलं होतं, आणि त्यात काही वावगंही नव्हतं.

मामांचं उलटं झालं. ते आत्यांना कधी नावानं हाक मारत नव्हते. त्या पिढीत कोणीच मारत नसे. "आगं ए", नाहीतर "विकासची आई". पण इंग्रजीत 'आगं ए' नसतं. एका सकाळी आतून हाक आली, "शेवंता! कम हिअर." मी चुलीपाशी होते. आत्या अंगणात होत्या, त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. म्हटलं, "आत्या, मामा बोलावतायत." त्या म्हणाल्या, "ऐकलं. परत एकदा म्हनू दे."

एक शब्द मात्र आम्हाला सापडला नाही. मामा एक दिवस जेवेनात, बोलेनात, तोंड फिरवून पडून राहिले. आत्यांनी विचारलं, "रुसलाय का, ह्येला काय म्हनायचं?"

"अँग्री," मी म्हटलं.

"म्हंजी?"

"रागावलेला."

"राग न्हवं गं. रुसल्यात."

मी मोबाइल धुंडाळला. जो शब्द मिळेल त्याचा अर्थ सांगावा आणि आत्यांनी मान हलवावी. कुठला शब्द दुखावल्याचा होता, कुठला फुगून बसल्याचा. 'माझी समजूत काढायला या' हे कुठल्याच शब्दात नव्हतं. शेवटी आत्या म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ दे त्यो शब्द मराठीतच. तेवढ्यासाठी तरी तेस्नी मराठी आठवंल." आणि आत जाऊन त्यांनी मामांच्या पायाला तेल लावलं. त्याला भाषा लागली नाही.

तस्नीमनं सांगितल्याप्रमाणं त्या आता प्रत्येक शब्दाची जोडी लावायच्या. वॉटर, पाणी. हँड, हात. शेजारीपाजारी आता हसत नव्हते, कारण आत्यांनी दार उघडलं होतं आणि येईल त्याला दम भरला होता. बाजीराव परत आले तेव्हा दारातच म्हणाल्या, "सायब न्हाई झाले ते, आजारी हायत. हाऊ आर यू म्हनलं तर फाइन म्हनायचं. म्हना." बाजीरावांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून दोन वेळा फाइन म्हणून दाखवलं, तेव्हा कुठं त्यांना आत जायला मिळालं.

पहिला मराठी शब्द आला तेव्हा हळद पॉलिशला गेली होती आणि अंगण रिकामं झालं होतं. आत्या मामांना जेवायला वाढत होत्या. आमटी वाटीच्या काठापर्यंत आली आणि मामा म्हणाले, "बास."

पळी तशीच वर राहिली.

"काय म्हनलासा?"

मामा स्वतःच गोंधळले होते. आत्यांनी क्षणभर विचार केला आणि मुद्दाम आणखी एक पळी ओतली. आमटी ताटात सांडली.

"बास! बास की!" मामा ओरडले.

आत्यांनी तिसरी पळी भरली तेव्हा मात्र विकासनी त्यांचा हात धरला.

मी ही गोष्ट कुणाला सांगते तेव्हा लोक म्हणतात, म्हणजे शेवटी मराठीच खरी. मला तसं वाटत नाही, आणि उलटंही वाटत नाही. इंग्रजी शिकलं की पोरगं साहेब होतं म्हणून आमच्या भागात आईबाप केवढा आटापिटा करतात ते मी बघते. काही पोरं होतातही. पण मी जे पाहिलं ते एवढंच, की एका माणसाची एक भाषा बंद पडली आणि दुसरी होती म्हणून तो आमच्यापासून तुटला नाही. ती त्यानं पोटासाठी शिकली होती. तिचा असा उपयोग होईल हे त्यालाही ठाऊक नव्हतं. शिकताना ते कुणालाच ठाऊक नसतं. पेपरात त्यावर प्रश्न येत नाही.

आता मामा मराठी बोलतात. सावकाश, शब्द चाचपत. उजव्या हातात अजून जोर नाही. यंदा कुकरजवळ खुर्ची टाकून बसतात आणि माणसांना डाव्या हातानं खुणावतात. फार दमले की इंग्रजी वर येते, मग आत्या त्यांना इंग्रजीत उत्तर देतात आणि हाताला धरून घरी आणतात. 'आगं ए' परत आलंय. शेवंता मात्र गेली नाही. दोन्ही हाका आमच्या घरात ऐकू येतात. कधी कुठली येईल सांगता येत नाही.

त्या वर्षीच्याच उन्हाळ्यात आम्ही सांगलीला शेवटचे गेलो, तो दिवस सांगायचा राहिला. मामा आणि विकास तस्नीमशी बोलून बाहेर आले होते आणि खाली पान खायला गेले होते. आम्ही दोघी बाकावर पिशव्या आवरत होतो. समोर एक बाई बसली होती, इरकल नेसलेली, कपाळाला मोठं कुंकू. विजापूरच्याही पलीकडून आली होती. तिचा नवरा चाकाच्या खुर्चीत होता, तोंड तसंच ओढलेलं. तिनं आम्हाला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. आम्हाला कळेना. मी मराठीत विचारलं, ते तिला कळेना. ती कसनुशी हसली आणि मान खाली घालून बसली.

आत्या उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"हजबंड?" त्यांनी खुर्चीकडं बोट दाखवलं.

बाईनं चमकून वर बघितलं. "हजबंड," ती म्हणाली. मग ओठांवर बोट ठेवून हात हलवला. "नो टॉक."

"माय हजबंड आल्सो," आत्या म्हणाल्या. "फर्स्ट, नो टॉक. नाऊ टॉक." थोडं थांबून, "टू मच टॉक."

ती बाई हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. आत्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला पुढं काहीतरी विचारायचं होतं, शब्द सापडत नव्हता. आत्यांनी वाट बघितली. शब्द न सापडणाऱ्या माणसासमोर कसं बसायचं, हे त्यांना आता चांगलं येत होतं.

"हाऊ?" शेवटी ती म्हणाली.

"यू टॉक," आत्या म्हणाल्या. "डेली यू टॉक. ही लिसन. स्लो, स्लो. ही टॉक."

तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं. बाई खुर्ची ढकलत दारापर्यंत गेली, वळली आणि तिनं हातानंच बाकाकडं खूण केली. "सिस्टर, वेट?"

"वेट," आत्या म्हणाल्या.

दार लागलं. आमच्या गाडीची वेळ होत आली होती. मी पिशव्या उचलल्या आणि म्हटलं, "आत्या, निघायला हवं. गाडी चुकेल."

आत्या बाकावर नीट मांडी घालून बसल्या.

"चुकू दे," त्या म्हणाल्या. "मी तिला वेट म्हनलंय."